फोन कोणता घ्यायचा, ते शेवटी सांगतो

भाऊ, फेब्रुवारीत टोरांटोला निघताय, दारव्ह्याजवळच्या गावात आई-बाबा दोघंच राहणार, त्यांना कोणता फोन आणि कोणतं ॲप देऊ, असं तुम्ही विचारलंत. व्हिसाबिसाचं एजंट सांगेलच.

मी आर्णी तालुक्यातून इकडं कॅनडात निघालो २००३ साली. तेव्हा भारतात फोन लावायला पाच डॉलरचं कार्ड घ्यायचं, मागची पट्टी खरवडायची आणि नंबर दाबत बसायचं. गावात फोन एका किराणा दुकानात. दुकानदार पोराला धाडायचा. आई चुलीवरचं उतरवून येईपर्यंत निम्मी मिनिटं संपायची. धापा टाकत एवढंच विचारायची, "बरा हायेस नं बाप्पा?" मग स्काइप आलं, तेही यवतमाळला भावाकडं. २०२५ च्या मे महिन्यात ते कायमचं बंद झालं, तेव्हा मला आठवलं की ते होतं.

भारतातलं सिम मात्र रिचार्ज करत राहा. माझं बंद पडलं, नंबर दुसऱ्याला गेला, बँकेचा ओटीपी त्याच्याकडं. बँक म्हणे, शाखेत या. विमानानं आलो. साहेब जेवायला गेले होते.

एकटं वाटतं का? वाटतं.

वेळेचं सांगतो. शनिवारी रात्री दहाला मी फोन लावतो, गावात रविवारचे सकाळचे साडेसात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथलं घड्याळ तासभर मागं जातं, म्हणजे तोच फोन साडेआठला पोचतो आणि आई कापूस वेचायला गेलेली असते. तिला अजून वाटतं, थंडीत मी आळस करतो.

तुमची मुलगी तीन वर्षांची, म्हणून हे लिहितोय. माझा मुलगा २०११ चा. शाळेत गेला तेव्हा बाई म्हणाल्या, मागं पडतोय, घरी इंग्रजीच बोला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला. मास्तरनं सांगितलं की विषय संपला. घरातली मराठी आम्ही दोघांनी हातानं बंद केली. पुढच्याच वर्षी, २०१६ ला, जिओ आलं, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला, आई रोज दिसायला लागली. फुकट. आणि नातवाला तिचं काही कळेना. ओंटारिओत, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथं, पंचवीस मुलांच्या पालकांनी लेखी मागितलं तर शाळा मंडळाला त्या भाषेचा वर्ग काढावा लागतो, हे मला तो बारा वर्षांचा झाल्यावर कळलं. त्या बाईंवर राग आहेच, पण ऐकलं मीच ना.

आता आई कॅमेरा गोठ्याकडं फिरवते, वासरू दाखवते. तो हसतो, काहीतरी बोलतो. "काय म्हणते थो?" आई विचारते. मी सांगतो. कधी त्यानं म्हटलेलं, कधी म्हणायला हवं होतं ते.

फोन कोणताही घ्या, आवाज मोठा असलेला. आपली माणसं तो कानाला लावत नाहीत, ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना ऐकवतात.