रविवारी कुठली आली शाळा?

पत्र: मावशी, माझी मुलगी आठ वर्षांची, तिसरीला आहे. चार महिन्यांची असताना तिच्या डोक्यात पाणी झालेलं, हायड्रोसेफॅलस, तेव्हा ऑपरेशन करून शंट, म्हणजे डोक्यातलं पाणी पोटात सोडणारी नळी बसवली. त्यानंतर देवाच्या दयेने काही त्रास नाही, डोकं पण आता नॉर्मल दिसतं, म्हणून तीन वर्षं झाली डॉक्टरांकडं गेलोच नाही, फाईल माळ्यावर आहे. शाळेत आम्ही काही सांगितलेलं नाही, उगाच चार तोंडी होतं आणि मुलीची जात. आता दिवाळीपासून मॅडमच्या सारख्या तक्रारी, वर्गात पेंगते, गणितात मागं पडली, अक्षर बिघडलं. शाळा नको म्हणून सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतंय म्हणते, उलटी पण काढते, दहा वाजले की ठणठणीत. सासूबाई म्हणतात नाटकं आहेत, मिस्टर म्हणतात सेमी झेपत नाही, मराठीत घाल. परवा रविवारी जोतिबाला जायचं होतं तर तेव्हापण सकाळी केलीच उलटी. मॅडमशी भांडू का शाळाच बदलू?
– एक आई, करवीर तालुका

उत्तर:

अगं, शाळेचं राहू दे बाजूला. रविवारी कुठली आली शाळा?

तुझ्या पत्रात मॅडम आहेत, सासूबाई आहेत, मिस्टर आहेत, सेमी का मराठी ते आहे, आणि सगळ्यात शेवटी जाता जाता लिहिल्यासारखं ते एक वाक्य. रविवारी, जोतिबाला निघायच्या सकाळी उलटी. आठ वर्षांची पोरगी, डोंगरावर जायचं, गुलाल-खोबरं उधळायचं, नवा फ्रॉक घालायचा, त्या सकाळी कुठली पोरगी नाटक करेल गं? हे नाटक नाही. डोक्यात शंट असलेल्या पोराला सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी होत असेल तर शंट तुंबली असंच आधी धरायचं, आणि तसं नाहीये हे न्यूरोसर्जनने तपासून सांगायचं, सासूबाईंनी नाही, मी नाही आणि तू पण नाही. हे वाचशील त्याच दिवशी पोरीला घेऊन जा. उद्या नको, मिस्टरांची सुट्टी बघून नको.

तू लिहिलंस, दहा वाजले की ठणठणीत. त्यानंच तुम्ही सगळे फसलाय. रात्रभर आडवं झोपलं की डोक्यातला दाब वाढतो, म्हणून उठल्या उठल्या डोकं ठणकतं, उलटी होते, मग माणूस उभं राहिलं, हिंडायला लागलं की दाब जरा उतरतो आणि पोर बरं दिसायला लागतं. घड्याळ शाळेच्या वेळेशी जुळलं म्हणून बिचारीवर आळ आला. आणि वर्गात पेंगणं, गणित मागं पडणं, अक्षर बिघडणं, ह्या तक्रारी मला वेगळ्या वाटतच नाहीत, दिवाळीपासून सगळं एकदमच सुरू झालंय ना? मॅडमशी भांडायचं काय घेऊन बसलीस, त्या बाईनं तुझ्या आधी बघितलंय.

आता दुसरी गोष्ट, डोकं नॉर्मल दिसतं म्हणून तुम्ही निर्धास्त झालात. ती चार महिन्यांची होती तेव्हा कवटीचे सांधे मोकळे होते, टाळू भरलेली नव्हती, पाणी साठलं की डोकं वाढायचं आणि तुम्हाला डोळ्यानं कळायचं. आता सांधे पक्के झालेत. आता पाणी साठलं तर डोकं वाढणार नाही, तो सगळा दाब आत मेंदूवर आणि डोळ्याच्या नसेवर येणार, नजर जाऊ शकते, जिवावर बेतू शकतं. बाहेरून काही दिसायची वाट बघशील तर फार उशीर होईल.

आणि शंट बसवली म्हणजे दुखणं गेलं असं कुणी सांगितलं तुम्हाला? मेंदूतलं पाणी रोज तयार होतं, मोठ्या माणसात दिवसाला ५०० मिलीच्या आसपास, आणि ते रोज रक्तात जिरायला पाहिजे. तिचं जिरत नाही म्हणून कानामागून, मानेतून, छातीवरून कातडीखालून पोटापर्यंत पाट काढून दिलाय. पाट तुंबला की पाणी मागंच साठणार. पोरांत बसवलेल्या शंटपैकी १०० मागं ३० ते ४० तर पहिल्या वर्षातच बिघडतात, तिची एवढी वर्षं चालली हे चांगलंच झालं, पण पोरगी केवढी होती आणि आता केवढी झाली, नळी अपुरी पडते, सुटते, तुटते पण. तीन वर्षं दाखवलं नाही ह्याचा मला राग आलाय, लपवत नाही. आणि तो राग सासूबाईंवर नाही, त्यांना काय ठाऊक. फाईल माळ्यावर कुणी टाकली?

ती फाईल आधी खाली काढ. धूळ झटक आणि त्यातला जुना सीटी किंवा एमआरआय आहे का बघ, पोरगी बरी असतानाचा असेल तर सोन्याहून मोलाचा, कारण आताचा फोटो त्याच्याशी लावून बघतात. काही मुलांत शंट बंद पडली तरी फोटोत फारसा फरक दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला आणि उलट्या चालूच राहिल्या तर गप्प घरी यायचं नाही, परत जायचं, डोळ्याचा पडदा तपासला का, नळीचा एक्सरे काढला का विचारायचं. जिथं ऑपरेशन झालं तिथंच जा. ते जमत नसेल तर सरळ कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात, अपघात विभागात जाऊन पहिलं वाक्य हेच बोल, “हिच्या डोक्यात शंट आहे आणि सकाळी उलट्या होतायत.” नुसतं उलट्या म्हणालीस तर पित्ताची गोळी देऊन पाठवतील. रेशनकार्ड, आधार बरोबर ठेव, महात्मा फुले योजनेत मेंदूची ऑपरेशनं आहेत, दवाखान्यात योजनेचा आरोग्यमित्र असतो, त्याला विचार.

जायच्या आधीच ती उठवून उठेना, डोळे वर करता येईनात, झटका आला, तर गाडी शोधत बसू नको, १०८ ला फोन लाव.

मुलीची जात म्हणून लपवलंस, ते मला कळतं गं, आपल्याकडं लोक कसे बोलतात मीही ऐकलंय. पण ज्या मॅडमकडं ती रोज पाच-सहा तास असते त्यांनाच माहीत नाही की ह्या पोरीच्या उलटीचा अर्थ वेगळा असतो. दवाखान्यातून आलीस की मॅडमना सगळं सांग, वहीच्या पहिल्या पानावर शंट आहे असं लिही आणि खाली तुझा नंबर. सेमी का मराठी ते मग मला परत लिही, तेव्हा बोलू. आत्ता फाईल काढ.