उतारा म्हणजे उसातली साखर नव्हे

फूड टेक्नॉलॉजी शिकणाऱ्या एका मुलीने विचारलंय : 'साखर उतारा 11 टक्के' म्हणजे उसात 11 टक्के साखर का? आणि बाकी पदार्थांच्या 'यील्ड'ला, म्हणजे कच्च्या मालातून हाती आलेल्या पक्क्या मालाला, उतारा म्हणावं का?

पहिल्याचं उत्तर, नाही. गाळप सुरू झालं की हे चुकीचं वाक्य रोज कानावर पडतं, तेही साखर आयुक्तालय ज्या पुण्यात आहे तिथे! उतारा म्हणजे 100 किलो ऊस गाळून पोत्यात पडलेली साखर. उसात ती जास्तच असते. थोडी बगॅसमध्ये (चिपाडात) जाते, थोडी प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात), बरीचशी मळीत (साखर काढून उरलेल्या काळ्या, दाट पाकात), आणि थोडीचा पत्ताच लागत नाही. एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) 10.25 टक्के उताऱ्याशी बांधलेली असताना इतकी ढिलाई चालत नाही.

सातबाराचा, धड्यातला, विषावरचा हे उतारे सर्वांना ठाऊक आहेत. मजा आहे ती धातूत. उत् + तॄ, म्हणजे पाण्यातून वर येणं, पैलतीर गाठणं. 'उत्तीर्ण' याच धातूचा. आता कारखान्यात बघा. 15 ब्रिक्सचा, म्हणजे 100 किलोत 15 किलो विरघळलेले पदार्थ असलेला, 100 किलो रस 60 ब्रिक्सपर्यंत आटवला की 25 किलो सिरप उरतं, 75 किलो पाणी वाफ होऊन जातं. विरघळलेले 15 किलो आधीही तेवढेच, नंतरही तेवढेच. त्यातली जी साखर पुढे पॅनमध्ये (सिरप आटवून साखर पाडायच्या भांड्यात) दाणा धरून मळीपासून सुटते, ती अक्षरशः पाण्यातून उतरते! 'उतारा म्हणजे उतार, म्हणजे घट' असं ठासून सांगणाऱ्या पंडितांनी एकदा पॅनजवळ उभं राहावं. घटीला मराठीत 'तूट' आहे. उतारा तुटीतून वाचलेल्याचा असतो.

आणखी एक. आत गेलं तेवढं बाहेर आलं, हा हिशेब तेव्हाच थेट जुळतो जेव्हा टाक्यांत, पॅनमध्ये अडकलेला माल कालच्याइतकाच असतो. हंगामाच्या पहिल्या दिवसांत ऊस गाळला जातो, पण साखर अजून मासक्वीटमध्येच (दाणे आणि मळीच्या दाट मिश्रणातच) असते. तो अडकलेला माल न मोजता काढलेला उतारा कमी दिसणारच. त्यावरून उसाला नावं ठेवू नयेत.

राहिला यील्ड. शेतकरी 'एकरी उतारा' म्हणतोच. मग टोमॅटो प्युरीला, भरडलेल्या तांदळाला बिनदिक्कत उतारा म्हणा. फक्त कशाच्या 100 किलोमागे, ते आधी सांगा.