अमेरिकेत राहून महागडा हेअर ड्रायर कोणता घ्यावा? (वाशीच्या एका टकल्या माणसाचं उत्तर)

ताई, तुम्ही विचारलंय की सध्या डॅलसला आहात, दीडदोन वर्षांत भारतात परत यायचंय, तर चारशे डॉलरवाला ड्रायर घ्यावा का आणि कुठला. आणि खाली सहज लिहून टाकलंय, "भारतात आल्यावर कन्व्हर्टर लावून चालेलच ना". ड्रायरशी माझा काय संबंध, डोक्यावर केस नाहीत, मी पुढेच गेलो असतो. पण ते "चालेलच ना" वाचलं आणि थांबलो.

नाही चालणार. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची, आणि कन्व्हर्टर म्हणजे २३०चे १२० करून देतो म्हणणारा डबा.

मी रबाळ्याला एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंग आणि टेस्टिंगमध्ये नोकरी केली, तिथूनच रिटायर झालो. लेक आणि जावई न्यू जर्सीला. जावई सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर, माणूस सोन्यासारखा, पण विजेतलं आपल्याला कळतं असा त्यांचा पक्का समज. मागे गणपतीला आले तेव्हा लेकीचा ड्रायर बरोबर होता, तोच भारीतला, डिजिटल मोटरवाला, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक्स असलेला. त्या दिवसांत वाशीत दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिचे तर कमरेपर्यंत केस, तेव्हा गरज होती हे मान्य. जावईबापूंनी बॅगेतून एक कन्व्हर्टर काढला, मी हातात घेतला तर त्याला वजनच नाही, आणि मला तिथेच कळलं. सोळाशे वॅट ओढणारा खरा स्टेप-डाऊन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर म्हणजे तांबं आणि लोखंड, दहापंधरा किलोचा ऐवज, तो बॅगेच्या खिशात मावत नाही हो.

मी म्हटलं, अहो याच्या आत पंख्याच्या रेग्युलेटरमधलंच सर्किट आहे, हे व्होल्टेज नीट उतरवत नाही, विजेची लाट मध्येच कापून टाकतं. साधी कॉइलची इस्त्री त्यावर कशीबशी चालेल, इलेक्ट्रॉनिक्सवाली वस्तू मरणार. तर म्हणे, "बाबा, यावर दोन हजार वॅट लिहिलंय, आपला सोळाशेचाच आहे." मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली, फक्त हीटिंगच्या वस्तूंसाठी. त्यावर, "मग ड्रायर हीटिंगचाच ना?" आणि वर लॅपटॉप, "लॅपटॉप चालतो ना इथे?" अहो चालतो, कारण त्याच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं स्पष्ट छापलेलं असतं, तो साठसत्तर वॅटचा जीव, दोन्हीकडे जुळवून घेतो. तुमच्या ड्रायरवर नुसतं १२० छापलंय.

लेक म्हणाली, बाबा सांगतायत तर राहू दे. पण एव्हाना प्रश्न ड्रायरचा राहिलाच नव्हता.

तिकडच्या ड्रायरचा प्लग केवढा असतो तुम्हाला माहीतच आहे, टेस्ट-रीसेटची बटणं असलेला, तो ॲडाप्टरमध्ये लोंबत होता. बटण दाबलं, एक सेकंद भुर्र झालं, लाल दिवा लुकलुकला, जळका वास आला आणि एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा खटका, पडला. बाप्पाच्या मखराचे दिवे गेले, आत हिचा मिक्सर बंद, पाटावर आरतीचं तबक तसंच. आणि जावईबापू काय म्हणाले माहितीये? "इंडियात व्होल्टेज फ्लक्च्युएशन फार आहे."

माझ्या घरात! मी मल्टिमीटर आणला, सॉकेटला लावला, २३१ दाखवत होतं, आपलं स्टँडर्डच २३० आहे, याच्याहून सरळ वीज कुठे मिळणार. पुढे बोलणार तर ही स्वयंपाकघराच्या दारातून डोळे मोठे करून बघत होती. जावयाला काय बोलणार माणूस. गिळलं. आणि अजून न्यू जर्सीच्या मित्रमंडळींत हेच सांगितलं जातं की सासऱ्यांकडे लाइटचा प्रॉब्लेम होता म्हणून ड्रायर गेला.

कन्व्हर्टरशिवाय नुसती पिन बदलून लावला तर काय होतं तेही सांगतो. व्होल्टेज दुपटीच्या जवळ गेलं की कॉइलची उष्णता चौपटीच्या जवळ जाते, १६०० वॅटची कॉइल ५८००च्या वर मागायला लागते. मग एमसीबी पडतो किंवा कॉइल जळते, दोन्हीत ड्रायर गेलाच.

आता तुमचा प्रश्न. अमेरिकेत वॅट बघून ड्रायर निवडू नका. तिथे साधा सॉकेट १५ अँपिअरचा, त्यामुळे सगळे १८७५च्या आसपास येऊन अडकतात, तो आकडा म्हणजे १२५ गुणिले १५, बाकी काही नाही. खरा फरक हवेच्या वेगात आणि तापमान किती काबूत राहतं त्यात. डायसन कंपनीनी २०१६ मध्ये ३९९ डॉलरला तो सुपरसॉनिक काढला, त्याची मोटर मुठीत असते, मिनिटाला १,१०,००० फेरे, आणि हवा किती तापलीय ते सेकंदाला कित्येक वेळा मोजून कॉइल कमीजास्त करतो. इंजिनीअरिंग म्हणून मला आवडलं, खोटं कशाला बोलू. पण तो एकाच व्होल्टेजचा, आणि तोच इथल्या व्होल्टेजचा भारतातही मिळतो. मग तिकडून ओढून कशाला आणायचा? परत आल्यावर इथे घ्या, वॉरंटी इथली मिळेल. तिथे दीडदोन वर्षांसाठी पन्नाससाठ डॉलरचा घ्या आणि येताना कोणालातरी देऊन टाका.

प्रवासापुरता हवा असेल तर ड्युअल व्होल्टेजचा छोटा मिळतो, त्याच्यावर नाण्याने फिरवायचा १२५/२५० असा खटका असतो. इथे लावण्याआधी फिरवा, आणि परत जाताना उलटा फिरवायला विसरू नका, नाहीतर तिकडे नुसती कोमट फुंकर येईल.

हां, डॅलसलाच कायम राहायचं ठरलं तर वरचं निम्मं सोडून द्या आणि खुशाल चारशेचा घ्या. आणि तुमच्यासारखाच प्रश्न दुबई, लंडन, सिंगापूरवाल्यांना असेल तर त्यांचं व्होल्टेज आपल्यासारखंच, नुसती पिन बदलायची, फक्त ॲडाप्टर १३ अँपिअरवाला दणकट घ्या.

इथे आल्यावर बेडरूमच्या सहा अँपिअरच्या सॉकेटला ड्रायर लावू नका, सोळाशे वॅटला सात अँपिअर लागतात. जुन्या सिडकोच्या फ्लॅटमध्ये तर गिझर किंवा एसीचाच पॉइंट शोधा. इन्व्हर्टरवर अजिबात नको. मागची जाळी अधूनमधून साफ करा, ती तुंबली की ड्रायर तापून बंद पडतो आणि लोक व्होल्टेजच्या नावाने खडे फोडतात.

केस कुरळे आहेत का सरळ ते तुम्ही लिहिलं नाही. कुरळे असतील तर डिफ्युझर (हवा पसरवणारं तोंड) बॉक्समध्येच येतो की वेगळा घ्यावा लागतो एवढं बघा. त्याच्या पुढचं मला विचारू नका, लेकीला विचारून कमेंटमध्ये टाकतो. ती रविवारी फोन करते, तेव्हा जावई बाजूला नसले तर.