सुई आणि खाच: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मामांच्या पश्चात त्यांचं थोरेन्स टीडी-१२४ टर्नटेबल आमच्याकडे आलं. त्याला एसएमई ३००९ आर्म (सुईचा हात) आणि त्याच्या टोकाला शुअर व्ही-१५ टाइप ३ कार्ट्रिज (सुईचा कंप विजेत बदलणारा भाग) आहे. आवाज येतो, पण रेकॉर्डची बाजू संपत आली की ताना फाटतात. सोबत बरेच एलपी आहेत, बहुतेक जयपूर घराण्याचे, आणि पेटीभर ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या. एक मित्र म्हणतो, जुनं काढून टाक, लाखाच्या घरातली नवी मूव्हिंग कॉइल (सुईबरोबर तारेची वेटोळी हलणारी) कार्ट्रिज घे. दुसरा म्हणतो, जुन्या कार्ट्रिजचा गोडवा नव्याला नाही, हात लावू नकोस. निदान डेनॉन १०३ ही मूव्हिंग कॉइल तरी घेऊ का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही मित्रांना चहा पाजा, पण ऐकू एकाचंही नका.

शुअरची कार्ट्रिज म्हणजे खरं तर दोन वस्तू. एक तारेची वेटोळी असलेली पेटी आणि दुसरी तिच्यातून पुढं ओढून काढता येणारी सुई. पेटीतल्या तारेला पन्नास वर्षांत सहसा काही होत नाही. म्हातारं होतं ते सुईच्या दांडीमागचं एवढंसं रबर. ते कडक झालं, की दांडी खाचेच्या वळणाबरोबर हलत नाही आणि तान फाटते. म्हणजे तुमच्या घरात बिघडलंय ते रबर. त्यासाठी लाखभर रुपये कशाला?

शुअरनं २०१८ साली कार्ट्रिज बनवणंच थांबवलं. मूळ व्हीएन-३५ई सुई ‘सीलबंद जुना माल’ म्हणून कुणी दाखवली तर घेऊ नका, पाकिटातलं रबरही तेवढंच जुनं. जपानच्या जिको कंपनीची नवी सुई मागवा आणि साध्या लंबगोल टोकापेक्षा लाइन कॉन्टॅक्ट जातीची, म्हणजे बारीक कडेच्या टोकाची, घ्या.

हेच टोक का, ते जरा सविस्तर सांगतो. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर सरकते. लेबलजवळ तोच वेग २० च्या आसपास येतो. फेरे तेच ३३⅓, पण तेवढ्याच स्वरांना जागा निम्म्याहून कमी, त्यामुळे वरचे स्वर दाटीवाटीनं कोरलेले. १८ मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोल टोक त्या दाटीत मावत नाही. लाइन कॉन्टॅक्टची कड ३-४ मायक्रॉनपर्यंत बारीक असते, ती मावते. आता आपला ख्याल बघा. विलंबित बाहेर ऐसपैस, आणि द्रुत, ताना, सगळी धुमाळी लेबलपाशी. पॉपवाले बाजूच्या शेवटी निवांत गाणं ठेवून सुटू शकतात, आपल्या गवयांना ती सोय नाही. जयपूरची वळणावळणाची तान तर अशा जागी पहिली मरते.

गंमत म्हणजे आजच्या महागड्या कार्ट्रिजमध्ये मिरवणारं शिबाता टोक जेव्हीसीच्या नोरिओ शिबाता यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, चार-चॅनेल रेकॉर्डसाठी काढलं. म्हणजे आज ‘नवं’ म्हणून जे विकलं जातं त्यातला मोठा वाटा तुम्ही मामांच्या जुन्या पेटीवर बसवू शकता.

दुसरा फायदा : हे टोक खाचेच्या भिंतीला वेगळ्या जागी टेकतं. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजच्या सुयांनी जड वजनाखाली घासलेला पट्टा टळतो, आणि कधीकधी मेलेली वाटणारी रेकॉर्ड उठून बसते. कधीकधी उलटंही होतं, तळाची घाण ऐकू येते. म्हणून आधी रेकॉर्ड धुवा.

सुईचं रेकॉर्डवरचं वजन सव्वा ग्रॅमच्या वर नेऊ नका. गुजरीत सराफांकडे असतो तसा इलेक्ट्रॉनिक काटा चालतो, पण काट्याचं ताट लोखंडी असेल तर कार्ट्रिजचं चुंबक त्याला खेचतं आणि आकडा खोटा येतो. मध्ये प्लॅस्टिकचा जाड तुकडा ठेवा. आणखी एक, ही कार्ट्रिज ४००-५०० पिकोफॅरड इतका विद्युत भार (कपॅसिटन्स) मागते. आजचे फोनो प्रीअॅम्प (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल मोठा करणारे) बरेचदा त्याहून खूप कमी देतात, मग वरच्या स्वरांचा तोल बिघडतो आणि लोक ‘जुन्याचा गोडवा’ किंवा ‘जुन्याचा मंदपणा’ अशी नावं ठेवत बसतात.

डेनॉन १०३ मला मनापासून आवडते. जपानच्या एनएचके रेडिओसाठी साठच्या दशकात घडवलेली ही कार्ट्रिज अजून बनते. पण तिची दांडी ताठ, ३००९ हलका. तिला जड आर्म लागतो. ऑर्टोफॉनच्या एसपीयूचंही तेच, ती तर ४ ग्रॅमवर चालते. शिवाय १०३ चा आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट, तुमच्या शुअरचा ३.५. वेगळा प्रीअॅम्प घ्यावा लागेल, आणि घरचं अर्थिंग कच्चं असेल तर तंबोऱ्याआधी घुंईं ऐकू येईल.

लाखाच्या घरातली मूव्हिंग कॉइल चांगली नसते, असं मी म्हणणार नाही. बोरॉनच्या दांडीची एक नागाळा पार्कात स्नेह्यांकडे ऐकली, तेव्हा दोन तंबोऱ्यांची जवारी वेगवेगळी ऐकू आली. शुअरवर ती एकत्रच येते. पण तिची सुई झिजली की अख्खी कार्ट्रिज कारागिराकडे पाठवायची, तुम्ही मात्र चिमटीत धरून सुई बदलता. तंबोऱ्यासाठी एवढा खर्च करणारा माणूस मला समजतो. तुम्ही आधी सुई बदलून महिनाभर ऐका.

७८ च्या तबकड्यांना ही सुई अजिबात लावू नका. त्यांची खाच रुंद, तिला ६५-७५ मायक्रॉनचं टोक हवं; बारीक टोक तळाशी खडखडतं. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५एसपी ७८ साठीच आहे. ३००९ चं हेडशेल (आर्मच्या पुढचं, कार्ट्रिज बसवायचं टोक) सुटणारं असेल तर ती दुसऱ्या हेडशेलवर कायम बसवून ठेवा, मात्र बदलताना दर वेळी वजन नव्यानं लावा.

प्रश्न : पावसाळ्यात रेकॉर्डवर पांढरी बुरशी येते. स्पिरिटनं पुसू का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : एलपीला पाण्यात मिसळून थोडं चालतं. ७८ ला थेंबही नको, त्या लाखेच्या असतात आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. त्यांना थोडा सौम्य साबण घातलेलं स्वच्छ पाणी, मऊ फडकं, आणि लेबल कोरडं ठेवायचं. पुठ्ठ्याच्या जुन्या पाकिटांतच बुरशीचं घर असतं, आतली कागदी पाकिटं बदला आणि रेकॉर्ड भिंतीला चिकटलेल्या कपाटात ठेवू नका.