अर्धवट राहिलेली पदवी

प्रश्न : १८ वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षानंतर कॉलेज सुटलं. आता पदवी पूर्ण करायची आहे. तेव्हाचे पास झालेले विषय धरतील का?

उत्तर : नुसत्या गुणपत्रिकेवर ते ठरत नाही. जुन्या विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या विषयांचा आणि गुणांचा अधिकृत उतारा) मागवा, सोबत त्या वर्षाचा अभ्यासक्रमही. अर्ज अडतात ते इथेच : ‘गणित २’ एवढ्यावरून आत काय शिकवलं ते कळत नाही, मग पेपर पुन्हा द्यायला लावतात. भाषा, इतिहास धरला जाण्याची शक्यता बरी. संगणकाचे जुने पेपर कठीणच. जुन्या विषयांचे किती क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे एकक) मिळणार ते फी भरण्याआधी लेखी घ्या, तोंडी होकार चालत नाही. मधल्या काळात नाव बदललं असेल तर पुरावा जोडा. नोकरी सांभाळून पहिल्या सत्रात दोनच विषय घ्या.