‘कव्हर पॉइंट’चं मराठी काय करावं?

प्रश्न असा आहे: कॅनडाचा जुना आइस हॉकीपटू हॉड स्टुअर्ट याच्या चरित्रटिपणाचं मराठी करताना ‘तो कव्हर पॉइंटला खेळायचा’ असं वाक्य आलं. हे तर क्रिकेटमधलं ठिकाण, मग सरळ ‘बचावपटू’ लिहावं का? आणि ‘प्रोफेशनल’ला ‘धंदेवाईक’ म्हटलेलं चालेल का?

‘बचावपटू’ लिहू नका, निदान एकटा तो शब्द तरी नको.

क्रिकेटमध्ये हा शब्द आधीपासून होताच. बॅटच्या टोकासमोर जवळ उभा राहणारा तो पॉइंट, आणि त्याच्याकडून सुटलेलं सावरणारा तो कव्हर पॉइंट. 1867 च्या सुमारास माँट्रियलच्या जॉर्ज बिअर्सने लॅक्रॉसचे (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायच्या खेळाचे) नियम लिहून काढले, त्यांत गोलरक्षकापुढच्या दोघांना हीच नावं आहेत. त्याच शहरात 3 मार्च 1875 ला छपराखालच्या बर्फावर हॉकीचा पहिला जाहीर सामना झाला. पुढे हॉकीतही हीच नावं रुळली.

आज आइस हॉकीत दोन बचावपटू डावा-उजवा असे शेजारी असतात. स्टुअर्टच्या काळात ते एकामागे एक उभे राहत. गोलरक्षकाच्या लगेच पुढे पॉइंट, आणि त्याच्याही पुढे कव्हर पॉइंट. आट्यापाट्या खेळलेल्या माणसाला हे चित्र लगेच दिसेल: एका पाटीवरच्याला हुलकावणी देऊन निसटलात, तरी पुढची पाटी अडवायला उभीच.

पण कव्हर पॉइंटचं काम अडवण्यावर संपत नसे, आणि ‘बचावपटू’ तिथेच तोकडा पडतो. तेव्हा चकती (आइस हॉकीत चेंडूच्या जागी असते ती, पक) पुढच्या साथीदाराकडे देण्याला बंदी होती. पास द्यायचा तर बाजूला किंवा मागे. कव्हर पॉइंटने प्रतिस्पर्ध्याच्या काठीखालून चकती काढून घेतली, की त्याच्यापुढे दोनच चांगल्या वाटा उरत: ती उंच उडवून पलीकडच्या टोकाला धाडायची, नाहीतर स्वतःच घेऊन सुसाट निघायचं. म्हणून या जागेला धिप्पाड आणि वेगवान असा दोन्ही गुणांचा गडी लागे. स्टुअर्ट नेमका तसा होता.

मराठीत यष्टिरक्षक, षटकार रुजले, पण पॉइंट, कव्हर, गली तसेच राहिले. जागेचं नाव आपण सहसा भाषांतरित करत नाही, तोच न्याय इथे लावावा. ‘कव्हर पॉइंट’ ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला ‘म्हणजे पुढचा बचावपटू’ एवढं जोडा. तेव्हा संघ सात जणांचा असे. सातव्याला रोव्हर म्हणत, त्याचंही भाषांतर नको. ‘पॉइंट’ तर आजही जिवंत आहे: प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत निळ्या रेषेजवळ बचावपटू उभे राहतात, त्या जागेला अजून पॉइंटच म्हणतात.

‘धंदेवाईक’चं उत्तर थोडं नाजूक आहे. आज या शब्दाला हिणकस वास आहे, म्हणून निवेदनात ‘व्यावसायिक’च हवा. मात्र तेव्हाच्या ओंटारियोतल्या हौशी संघटनांना पैसे घेऊन खेळणं खरोखरच हिणकस वाटे आणि त्या अशा खेळाडूंवर बंदी घालत. त्यांची बाजू सांगताना ‘धंदेवाईक’ चपखल बसतो. स्टुअर्ट अमेरिकेत गेला त्यामागे हीच परिस्थिती होती. पिट्सबर्ग आणि मिशिगनमधली तांब्याच्या खाणींची गावं, हॉटन नि कॅलुमेट, उघडपणे पगार देत. 1904 मध्ये तिथे पूर्ण व्यावसायिक लीगच उभी राहिली. 1906-07 च्या हंगामात तो माँट्रियल वाँडरर्स या संघाकडे आला, तेव्हा तिथल्या लीगमध्ये हौशी आणि व्यावसायिक एकत्र खेळू लागले होते. अट एवढीच, की कोण हौशी नि कोण व्यावसायिक ते जाहीर करायचं.

मार्च 1907 मध्ये वाँडरर्सनी स्टॅन्ली कप, म्हणजे आइस हॉकीतला मानाचा करंडक, जिंकला. 23 जूनला बेलव्हिलजवळ पाण्यात सूर मारताना खडकावर डोकं आपटून स्टुअर्ट गेला. वय 28. त्याच्या पत्नीसाठी आणि दोन मुलांसाठी 2 जानेवारी 1908 ला निवडक खेळाडूंचा सामना भरवला गेला. अशा प्रकारचा तो पहिलाच मानतात. 1945 मध्ये हॉकी हॉल ऑफ फेमच्या पहिल्या मानकऱ्यांत त्याचं नाव आलं.

तुमचं वाक्य मी असं करेन: ‘स्टुअर्ट कव्हर पॉइंटला, म्हणजे पुढच्या बचावपटूच्या जागी खेळे, अडवणारा तोच आणि चढाईला निघणाराही बऱ्याचदा तोच.’