पंखा बंद कर आणि आजीला गाऊ दे

घणसोलीच्या २३ वर्षांच्या एका मुलीचं पत्र आलंय. इतिहासात एम.ए. करते, प्रबंधासाठी स्त्रियांचा इतिहास घेतलाय. बाबा म्हणतात, "बायकांचा कसला आलाय इतिहास? बँकेच्या परीक्षा दे." मार्गदर्शक बाईंनी 'हा विषय का निवडला' यावर एक पान मागितलंय, ते जमत नाही. बाबांना कसं पटवू, असं ती विचारते. खाली ता. क.: "आजी धवलारीण होती, आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणजे लग्नाची गाणी म्हणायची. हल्ली तिचा आवाज बसतो, घरात धावपळ आहे, पत्र विस्कळीत झालं असेल तर माफ करा."

अगं, तीन पानं बाबांवर आणि आजी ता. क. मध्ये?

सोबत पाठवलेलं ते अर्धवट पान वाचलं. 'सक्षमीकरण' चारदा, 'निम्मी लोकसंख्या' दोनदा, आजी एकदाही नाही. असलं पान कुणीही लिहील.

१९७० च्या सुमारास तुमच्याकडच्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घ्यायचं ठरलं. त्याचे निवाडे, नकाशे, सातबारे कचेऱ्यांत सापडतील. पण त्याच गावांत मांडवाखाली बसून जी बाई धवला म्हणायची, पुढची ओळ टाकायची आणि बाकीच्या जणी मागून धरायच्या, ती कुठल्या दप्तरात आहे? ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली छापलं गेलं, म्हणून ताराबाई आपल्याला ठाऊक. तुझ्या आजीचं सगळं घशात आहे, आणि घसा बसतोय.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावी बायकांसमोर बसून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. माझी आजीही दळताना गायची. मला त्यातली दीड ओळ आठवते, तीही बहुधा चुकीची. तेव्हा मी ग्रंथालयात बसून मोठमोठे संदर्भ उतरवत होते!

बाबांचं सोड. नोकरीची काळजी बापानं करायची नाही तर कुणी? त्यांना पटवायला वर्षं पडलीत.

येत्या रविवारी सकाळी, आजीचा चहा झाला की फोन घेऊन तिच्यासमोर बस. पंखा बंद कर, नाहीतर नुसती घरघर ऐकू येईल. कुकर नंतर लावा म्हणावं आईला. गायला लावू नकोस, नुसतं बोलू दे. गाणं आपोआप येईल. कुणाकडून शिकली? मान म्हणून काय मिळायचं, लुगडं की रोख? शेतं गेल्यावर धवल्यातलं काय गळलं? शेवटचं बोलावणं कुणाच्या लग्नाचं होतं, आणि पुढच्या लग्नात तिच्या जागी काय वाजलं? ती अडली तर शब्द पुरवू नकोस, थांब. आगरी शब्द जसे येतील तसेच लिही, शुद्ध करायला जाऊ नकोस. दमली की लगेच थांबव, पुढच्या रविवारी पुन्हा बस.

ते पान फाडून टाक. बाईंना सांग, सोमवारी नवं देते. आणि आजीला डॉक्टरांना दाखवलं का, ते मात्र मला आजच कळव.